मागे कोण उभं राहणार

फोन मुलीचा आला होता. वडिलांच्या कॅम्परला मागे दिवे आणि कॅमेरा बसवायचाय, चांगल्यातला बसवा, आणि वडील मध्ये मध्ये बोलतील तिकडे लक्ष देऊ नका, असं तिनं एका दमात सांगून टाकलं. मी म्हटलं, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर मध्ये मध्ये बोलणारा एक माणूस येतोच. मग ती जरा चाचरत म्हणाली की गाडी मागे घेताना आईचा पाय मोडला. दोन महिने झाले, प्लास्टर निघालंय, पण आई म्हणते, त्या गाडीत पुन्हा बसणार नाही. कॅमेरा बसवल्यावर तरी बसते का बघायचं. नाहीच बसली तर गाडी विकायची असं ठरलंय, रविवारी एक गिऱ्हाईक बघायला येणार आहे. आणि गाडी गेली की बाबा घरात बसून सगळ्यांचं डोकं खाणार, हे तिनं न विचारता सांगितलं.

गाड्यांचं वायरिंग करायला लागून मला बावीस वर्षं झाली. दुकान वडिलांनी उभं केलेलं, पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे. नवीन माणूस आत येतो, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतो आणि विचारतो, मिस्त्री कुठे आहेत. पूर्वी माझं टाळकं सरकायचं. आता मी 'जेवायला गेलेत' असं सांगते आणि कामाला लागते. दुपारपर्यंत बहुतेकांच्या डोक्यात उजेड पडतो.

हे काका मंगळवारी सकाळी आले आणि त्यांनीही तेच विचारलं. गाडीतून उतरायच्या आधीच त्यांनी मला हेही सांगून टाकलं की त्यांनी चौतीस वर्षं टॉवर क्रेन चालवलीय आणि एवढ्या वर्षांत एका विटेलाही ओरखडा येऊ दिलेला नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात ते क्रेनकाका झाले. मी त्यांना मिस्त्री जेवायला गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, सकाळी नऊ वाजता? मी म्हटलं, त्यांना भूक लवकर लागते.

गाडी म्हणजे साधा पिकअप ट्रक आणि त्याच्या हौद्यावर बसवलेलं एक छोटं घर. आत पलंग, दोन शेगड्या, एक माणूस जेमतेम मावेल असं बाथरूम आणि खिडक्यांना घरी शिवलेले पडदे. गोची अशी की हे घर ट्रकच्या मागे चांगलं हातभर बाहेर येतं. ट्रकचे मूळचे रिव्हर्सचे दिवे त्याच्या पोटाखाली जातात. गिअर टाकला की ते इमानेइतबारे घराच्या बुडावर उजेड पाडत राहतात. मधल्या आरशात घराची पुढची भिंत तेवढी दिसते. म्हणजे उरले बाजूचे दोन आरसे आणि मागे उभं राहून हात दाखवणारं माणूस. या गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला ताटाएवढा पोचा होता, रंग गेलेला, आणि तो कोणी ठोकून काढलेला नव्हता.

त्यांना गाडी मागच्या बाजूनं दुकानात घ्यायची होती. मी मागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीचं 'येऊ द्या, येऊ द्या' सुरू केलं. दोन फूट आले आणि गाडी थांबवून खाली उतरले. म्हणाले, तोंडानं बोलायचं नाही, इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, हात दाखवायचा. 'या' म्हणताना कोपर अंगाला लावून पंजा आपल्याकडे वळवायचा, 'थांबा' म्हणताना हात आडवा धरून पंजा जमिनीकडे, आणि दोन्हींची भेसळ करायची नाही. माझ्याच दारात मला हात कसा हलवायचा याची शिकवणी लागली. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या मनासारखा हात दाखवला आणि गाडी एकदाची आत आली.

मी सहज विचारलं, काकूंनाही हे सगळं शिकवलं होतं का.

"पाठ होतं तिला," ते म्हणाले. "पण त्या दिवशी तिनं 'थांबा'च्या जागी 'या' दाखवलं. हात दाखवणाराच चुकला तर चालवणारा काय करणार?"

वाक्य घोटून घोटून गुळगुळीत झालेलं होतं. बऱ्याच जणांना सांगून झालेलं असणार. मला ते पटलं. माणसं हात चुकवतात, मी स्वतः आत्ताच दोनदा चुकवला होता.

काम तसं अवघड नव्हतं, पण क्रेनकाका खुर्ची घेऊन बाजूला बसले असल्यामुळे ते तीन दिवस चाललं. घर ट्रकवरून उतरवता येतं, म्हणून घराला वीज पुरवणारी जाड केबल हौद्यातल्या एका सॉकेटमध्ये खोचलेली असते. त्या सॉकेटला सात खुंट्या असतात आणि रिव्हर्सची खुंटी बहुतेक गाड्यांत रिकामीच असते. मी गाडीखाली शिरून मूळच्या रिव्हर्स दिव्याची वायर शोधली, तिथून नवीन वायर ओढून त्या खुंटीवर आणली आणि मध्ये रिले, म्हणजे दिव्यांना थेट बॅटरीतून वीज देणारा स्विच, टाकला. नव्या मोठ्या दिव्यांचा भार जुन्या बारीक वायरवर टाकला तर ती जळते. काकांनी विचारलं, फ्यूज कितीचा. मी सांगितलं. ते म्हणाले, क्रेनवर याच्या दुप्पट असायचा. मी म्हटलं, क्रेनवर पडदे नसायचे. यावर ते हसले नाहीत, पण पुढचा अर्धा तास गप्प बसले, आणि मला तेवढंच हवं होतं.

दोन दिवे मागच्या भिंतीवर वरच्या कोपऱ्यांत बसवले, खाली तोंड करून, म्हणजे उजेड जमिनीवर पडावा आणि मागच्या माणसाच्या डोळ्यांवर येऊ नये. कॅमेरा मधोमध, छताच्या जरा खाली. घराच्या भिंतीला भोक पाडायचं म्हटल्यावर काकांचा चेहरा असा झाला की मी त्यांनाच पेन्सिल दिली आणि म्हटलं, तुम्हीच खूण करा. त्यांनी चार वेळा मापलं. भोक बरोबर जागी पडलं हे मला कबूल करावं लागेल.

भांडण झालं ते कॅमेऱ्यातल्या चित्रावरून. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटवून दाखवावं लागतं, तरच गाडीच्या डाव्या बाजूचा खांब पडद्यावरही डावीकडे दिसतो. माझ्याकडच्या कॅमेऱ्यांना त्यासाठी वायरीचं एक छोटं वेटोळं असतं. ते कापलं की चित्र उलटतं. मी कापायला गेले तर काकांनी हात धरला. चौतीस वर्षं त्यांनी समोरच्या माणसाचा उजवा हात उजवा म्हणूनच वाचलाय, म्हणे, आणि चित्र उलटवलं तर उजवा हात डावा दिसणार, आणि मग सगळाच घोळ. मी म्हटलं, इथे समोर माणूस नाहीये, काका, माणूस लागू नये म्हणूनच कॅमेरा बसवतोय. ते ऐकेनात. मी हात टेकले, वेटोळं तसंच ठेवलं आणि गुरुवारी दुपारी गाडी अंगणात काढली. तोंड फाटकाकडे, शेपूट दुकानाकडे. म्हटलं, घ्या मागे.

त्यांनी पडद्याकडे बघत गाडी मागे घेतली. पडद्यावर जुन्या टायरांची चळत उजवीकडे दिसत होती, म्हणून त्यांनी ती चुकवायला गाडी डावीकडे वळवली. चळत खरी डावीकडेच होती. वरचे तीन टायर अंगणाच्या उतारावरून घरंगळत फाटकाबाहेर गेले आणि एक समोरच्या शिवणकामाच्या दुकानात शिरला. मी तो माफी मागून परत आणला.

मी परत आले तर क्रेनकाका गाडीत बसूनच होते. म्हणाले, "कॅमेरा चुकीचा बसलाय."

मग मात्र माझा तोल गेला. मी विचारलं की काकू इतकी वर्षं तुम्हाला कशात दिसत होत्या, बाजूच्या आरशातच ना, आणि आरशात सगळं उलटंच असतं ना. त्यांनी मुकाट्यानं मला वेटोळं कापू दिलं. पण 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द काही तोंडातून आले नाहीत. त्याऐवजी माझं भिंतीचं भोक बुजवायचं रबर हलक्या प्रतीचं आहे, मी चांगलं घेऊन येतो, असं म्हणून ते चालत बाजारात निघून गेले.

ते गेले आणि पंधरा मिनिटांनी दारात टॅक्सी थांबली. काकू काठी टेकत उतरल्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, घाई नसलेल्या. आत आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीच मिस्त्री ना?" त्या आठवड्यात एवढं एकाच माणसाला पहिल्या नजरेत कळलं.

मी त्यांना स्टूल दिलं. मुलीनं बघून तरी ये म्हणून भुणभुण लावली म्हणून आलेय, असं त्या म्हणाल्या. मी दिवे लावून दाखवले, कॅमेरा दाखवला, कुठपर्यंतचं दिसतं ते सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांना जरा हसवावं म्हणून मी म्हटलं, आता हात चुकायची भीती नाही, काकू.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिडल्या नाहीत.

"मी हात दाखवलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "मी खाली पडले होते."

मग त्यांनी सांगितलं, अगदी दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. गाड्या लावायच्या मैदानात संध्याकाळी पोचले होते. कुठल्या जागी लावायची यावरून दोघांची जुंपली. काकूंना झाडाखालची जागा हवी होती, काकांना नळाजवळची. काकांनी काच वर केली आणि गाडी नळाकडे घ्यायला लागले. काकू मागे उभ्या राहिल्या. गवतात एक उघडं गटार होतं, त्यात त्यांचा पाय गेला आणि त्या आडव्या झाल्या. ओरडल्या, पण काच बंद होती. घर त्यांच्या अंगावरून मागे येत राहिलं, आणि चाक घोट्यावर टेकलं तेवढ्यात घराचा कोपरा नळाच्या खांबाला धडकला.

"गाडी खांबानं थांबवली," काकू म्हणाल्या. "यांनी नाही."

मी म्हटलं, त्यांना तुम्ही पडलेल्या दिसल्या नसतील.

"नव्हतेच दिसत. तेच तर. क्रेनवर यांचा एक नियम होता. खालचा माणूस दिसेनासा झाला की हूक जागच्या जागी थांबवायचा. तो बिडी ओढायला गेलेला असो नाहीतर मरून पडलेला असो, तो पुन्हा दिसेपर्यंत हात हलवायचा नाही. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे. त्याच भरवशावर एवढी वर्षं एवढ्या अवजड गाडीच्या मागे उभी राहिले."

मी विचारलं, मग तुम्ही हे कोणाला सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलात त्यांचे डोळे धड उघडायच्या आतच काका मुलीला सांगत होते की आईनं चुकीचा हात दाखवला. घाबरून बोलून गेले असतील. मग शेजाऱ्यांना सांगितलं, मग स्वतःच्या भावाला. आता शब्द मागे कसा घ्यायचा ते त्यांना कळत नाहीये. मुलगी प्रेमानं समजावते की होतं गं आई असं, वय झालं की होतं.

"मला कॅमेऱ्याचं काय," काकू म्हणाल्या. "कॅमेरा बसवा नाहीतर दुर्बीण बसवा. ते स्वतःच्या तोंडानं म्हणेपर्यंत मी त्या गाडीत बसायची नाही. विकली तरी चालेल. मला वाईट वाटेल, पण चालेल."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. तीन दिवस मी त्यांना तऱ्हेवाईक म्हणून सोडून देत होते, आतून थोडे आवडायलाही लागले होते. आता वाटलं की भिंतीचं भोक बुजवूच नये, पाऊस आत येऊ दे.

क्रेनकाका रबराची नळी घेऊन आले, काकूंना स्टुलावर बघून थबकले आणि मग एकदम बोलायलाच लागले. दिवे किती लांब पडतात, कॅमेरा कुठे बसवायचा हे त्यांनीच कसं मापून काढलं, सगळं. टायरांचा विषय त्यांनी काढला नाही. काकू ऐकून उठल्या आणि म्हणाल्या, मी मागे उभी राहते, तुम्ही गाडी घ्या.

काका म्हणाले, आता मागे कोणी उभं राहायची गरजच नाही, त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला. पण काकू काठी टेकत निघाल्याही होत्या. जाता जाता त्यांनी मला डोळ्यांनी गाडीत बसायची खूण केली. मी काकांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

ऊन उतरलं होतं, अंगणात सावली होती. काकांनी काच खाली केली, गिअर टाकला, मागचे दिवे लागले आणि पडद्यावर काकू आल्या. दुकानाच्या दारासमोर, उजेडात, एका हातात काठी. दुसऱ्या हाताचं कोपर त्यांनी अंगाला लावलं आणि पंजा वळवला. मला तीन खेपांत जमलं होतं ते त्यांनी असं केलं की बघत राहावं. काकांनी गाडी हळूहळू मागे घेतली. एक फूट, दोन फूट. काकूंनी हात खाली घेतला, कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं आणि तीन पावलं बाजूला सरकून पडद्याबाहेर गेल्या.

पडद्यावर मोकळं अंगण राहिलं. मध्ये काहीही नव्हतं, वीस पावलं सरळ जागा होती. मी असते तर गाडी घेतली असती, दहापैकी दहा जणांनी घेतली असती.

काकांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. गिअर तसाच आणि चावी अर्ध्यावर असल्यामुळे मागचे दिवे चालू राहिले आणि पडद्यावर ते रिकामं अंगण दिसत राहिलं. ते तिकडे बघत बसले. मी उतरायला हवं होतं, पण दार उघडलं तर आवाज होईल म्हणून डॅशबोर्डखालच्या माझ्याच वायरी निरखत बसले.

काठीचा आवाज बाजूनं जवळ आला आणि काकू त्यांच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

काका त्यांच्याकडे न बघता बोलले. "त्या दिवशीही तू दिसेनाशी झाली होतीस. मला कळलं होतं. आणि मी थांबलो नाही."

"का नाही थांबलात?"

"वाटलं, रागावून बाजूला गेलीस. म्हटलं, जाऊ दे. म्हटलं, तुझ्याशिवायही लावता येते मला गाडी, दाखवतोच."

काकांचा चेहरा कोरडाच होता, पण मांडीवरचे हात त्यांनी अजून हलवले नव्हते, आणि माझा राग त्या हातांपाशी येऊन अडला. मला त्यांची कीव आली. काकूंना आली की नाही ते सांगता येणार नाही.

"लेकीला सांगा," त्या म्हणाल्या.

"सांगतो."

"आत्ता."

त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर लावायला वेळ लागला, बोटं भलतीकडेच पडत होती. काकूंनी मदत केली नाही. पलीकडून मुलगी बोलली, बहुतेक कॅमेरा बसला का म्हणून विचारत होती.

"ऐक जरा," काका म्हणाले. "तुझ्या आईनं चुकीचा हात नव्हता दाखवला. ती पडली होती. मला दिसत नव्हती, तरी मी गाडी मागे घेतली. ते मी खोटं सांगितलं होतं."

मग मुलगी बोलायला लागली, आणि बराच वेळ बोलली. काका मध्ये फक्त 'हो' म्हणत होते. चार-पाच वेळा म्हणाले. एकदा 'तुझ्या काकालाही सांगतो' असं म्हणाले. शेवटी फोन कानापासून खाली घेतला तेव्हा ते थकलेले दिसत होते, दिवसभर ओझी उचललेल्या माणसासारखे.

काकू खिडकीपासून निघाल्या. गाडीच्या पुढून वळसा घालून, पाय जपत, माझ्या बाजूला आल्या आणि त्यांनी दार उघडलं. पण आधी बोलल्या त्या माझ्या पलीकडे बसलेल्या माणसाशी.

"राग गेलेला नाही माझा," त्या म्हणाल्या. "तो गाडीत बसूनही धरता येतो."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उतरा आता. ही जागा माझी आहे."

मी उतरले.